वर्धा नदीचे दोन काठ : विदर्भाच्या इतिहासावरील नवे संशोधन आणि गावचे कागद

नदीकाठचा (धागाकर्ता)

विदर्भाच्या सामाजिक-राजकीय इतिहासावर गेल्या पंचवीस-तीस वर्षांत प्रसिद्ध झालेले संशोधन मी जमेल तसे वाचत आलो आहे. ते वाचताना एक शंका मनातून जात नाही, म्हणून इथल्या जाणकारांपुढे ठेवतो. बहुतेक अभ्यासांत विदर्भ हा सलग कापूसपट्टा धरलेला असतो. इंग्रज आले, कापूस वाढला, आगगाडी आली, सावकार माजला, दुष्काळ पडला आणि त्याच वाटेने आपण थेट आजच्या शेतकरी आत्महत्यांपर्यंत येऊन पोचतो. मी आर्वी तालुक्यातला. आमच्या शिवाराच्या पश्चिमेला वर्धा नदी आणि पलीकडे अमरावती जिल्हा. माती तीच, पऱ्हाटी (कापसाचे झाड) तीच, सोयरिकीही नदी ओलांडूनच होतात. तरी आमच्या काठावरची म्हातारी माणसे मालगुजाराचा वाडा दाखवतात आणि पलीकडची देशमुखांची गढी दाखवतात. हा फरक नुसता बोलण्यातला नाही, त्यामागे शंभराहून अधिक वर्षांचे दोन वेगळे राज्यकारभार आहेत.

१८०३ मध्ये अडगाव आणि गाविलगड येथील पराभवांनंतर नागपूरकर भोसल्यांनी देवगावच्या तहाने नदीच्या पश्चिमेकडचा मुलूख सोडला आणि तो निजामाकडे गेला. पुढे १८५३ मध्ये निजामाने आपल्याकडील इंग्रजी फौजेच्या खर्चाच्या थकबाकीपोटी वऱ्हाड कंपनीच्या ताब्यात दिला. त्याच वर्षाच्या शेवटी तिसरे रघुजी भोसले वारले आणि १८५४ मध्ये डलहौसीने वारस नाही असे म्हणून नागपूरचे राज्य खालसा केले. म्हणजे दोन्ही काठ जेमतेम वर्षाच्या अंतराने एकाच हाती गेले, पण एक काठ खालसा झाला आणि दुसऱ्यावर निजामाची नाममात्र मालकी राहिली. कर्झनने १९०२ मध्ये वर्षाला २५ लाख रुपये ठरवून वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेतला आणि १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडला, तेव्हाही ही नाममात्र मालकी कागदावर शिल्लक होती.

त्याहून खोल फरक जमिनीच्या व्यवस्थेत पडला. पूर्वेकडे १८६०च्या दशकातील बंदोबस्तात, भोसल्यांच्या काळी वसुली करणाऱ्या पाटलांना आणि मक्तेदारांना इंग्रजांनी गावाचे मालक ठरवले, तेच मालगुजार. पश्चिमेकडे मुंबई इलाख्याच्या धर्तीवर मोजणी होऊन प्रत्येक खातेदाराचे नाव थेट सरकारदरबारी लागले. देशमुख-देशपांड्यांचा वसुलीचा अधिकार गेला आणि गावात पाटील-पटवारी राहिले. पुढे दोन्ही भागांत कोण पुढारी झाले, कोणाची शाळा निघाली आणि कर्जात कोणाची जमीन गेली, याची बरीचशी उत्तरे मला या फरकात दिसतात. नवे संशोधन या प्रश्नाला पुरेसे भिडत नाही, असे माझे मत आहे. इतरांचे काय मत आहे?

पऱ्हाटी

धागा चांगला आहे, परंतु कापसाला आपण फारच लवकर बाजूला सारले, असे वाटते. लक्ष्मण सत्या यांचा १८५० ते १९०० या काळातील वऱ्हाडचा कापूस आणि दुष्काळ यांवरील ग्रंथ १९९७ मध्ये आला. तो वाचला तर लक्षात येते की त्यांचा रोख एकट्या कापसावर नाही. ई-क्लासची, म्हणजे गावाच्या सामाईक वापरासाठी राखलेली, जी सरकारी जमीन आज आपण अतिक्रमणाच्या खटल्यांतच ऐकतो, तशा गायरानांचे, चराईचे आणि सरपणाच्या रानांचे त्या पन्नास वर्षांत काय झाले, हा त्यांच्या मांडणीचा गाभा आहे. गुरे चारायला जागा उरली नाही, विणकर देशोधडीला लागले, ज्वारीचे पेव रिकामे झाले. आणि मग १८९६-९७ आणि १८९९-१९०० हे दोन दुष्काळ लागोपाठ आले, तेव्हा गावाजवळ तग धरायला काहीच नव्हते. १८९१ च्या जनगणनेत वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे २९ लाख होती, ती १९०१ मध्ये साडेसत्तावीस लाखांवर आली. ज्या मुलखातून मँचेस्टरला रुई जात होती, तिथे दहा वर्षांत माणसे कमी झाली.

दुसरे असे की कापूस नदी पाहून थांबला नाही. हिंगणघाट आपल्याच, म्हणजे पूर्वेच्या, काठावर आहे, आणि त्या गावाच्या नावाने ओळखला जाणारा कापूस एकेकाळी मुंबईच्या बाजारात नावाजलेला होता. अमेरिकेतील यादवी युद्ध १८६१ मध्ये सुरू होऊन तिथला माल अडला, त्यानंतरच्या वर्षांत इंग्रजांनी रिव्हेट-कार्नॅक यांना कापूस आयुक्त नेमले, ते मध्य प्रांत आणि वऱ्हाड या दोहोंसाठी मिळून. स्वेन बेकर्ट यांनी २०१४ च्या आपल्या ग्रंथात खामगाव आणि वऱ्हाड यांना जगाच्या कापूस-व्यापाराच्या नकाशावर बसवले आहे. १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावच्या आगगाडीच्या फाट्यासाठी जातीने आला होता, यावरून या बाजारपेठेचे वजन कळावे. तेव्हा जमीनधाऱ्याच्या पद्धतीने सगळे उलगडते, असे म्हणता येईल का?

नदीकाठचा

पऱ्हाटीभाऊ, सगळे उलगडते असा माझा दावा नाही. हिंगणघाटचा मुद्दा मान्य आहे आणि माझ्या दृष्टीने तोच कसोटीचा आहे. पीक एकच, बाजार एकच, दुष्काळही तेच. तरी कर्जाचा परिणाम दोन काठांवर सारखा झाला नाही. वऱ्हाडातील खातेदाराची जमीन गहाण पडत होती आणि विकली जात होती, त्यामुळे सावकाराच्या हाती कुणब्याचे शेतच थेट जाई. आमच्याकडे कुळाला आपला हक्क मनाला येईल तसा विकता येत नव्हता. १८९८ च्या कूळ कायद्याने तो आणखी आवळला गेला. इकडे सावकाराने गिळली ती मालगुजारी. जुन्या बंदोबस्ताच्या कागदांत गाव सोळा आणे धरून त्यातले चार आणे, आठ आणे असे हिस्से एका घराण्याकडून दुसऱ्याकडे गेलेले दिसतात, आणि घेणारा बहुधा शहरातील पेढीवाला किंवा वकील असतो. कूळ जागेवर राही, त्याच्या डोक्यावरचा धनी मात्र बदले, आणि बदललेला धनी गावात राहायला येईलच असे नसे.

याचा राजकारणाशी संबंध असा, की वऱ्हाडात जमीन राखून उरलेल्या खातेदार कुणबी-देशमुख घराण्यांतून १९२०च्या दशकात एक नवा वर्ग सभा-निवडणुकांत उतरला. पापळचे पंजाबराव देशमुख विलायतेहून शिकून आले, १९२८ मध्ये अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले, सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या कराव्यात यासाठी झटले आणि पुढे शिवाजी शिक्षण संस्था उभी राहिली. त्याआधी वऱ्हाडचे राजकारण खापर्डे, मुधोळकर, मोरोपंत जोशी अशा अमरावतीच्या वकील मंडळींच्या हाती होते. १८९७ चे काँग्रेस अधिवेशन अमरावतीस भरले, तेही त्यांच्याच खटपटीने. हा पालट आमच्या काठावर इतक्या लवकर झाला नाही, कारण खेड्यात निवडणुकीला उभा राहील असा स्वतंत्र खातेदारच मोजका होता. मते मालगुजाराच्या वाड्यातून ठरत.

इजारा

नदीकाठचा यांनी मांडलेली चौकट आकर्षक आहे आणि नेमकी म्हणूनच मला थोडी धास्ती वाटते. मी यवतमाळ जिल्ह्यातला. माझ्या सदस्यनामाचे कारण विचारणाऱ्यांनी आमच्या भागातील गावांची यादी काढून पाहावी. नावापुढे 'इजारा' लागलेली गावे त्यात सापडतील. १८६०च्या दशकात इंग्रजांनी वऱ्हाडातील ओसाड गावे लागवडीस आणण्यासाठी इजाऱ्याने, म्हणजे मक्त्याने, दिली, आणि ज्याने इजारा घेऊन कुळे वसवली तो इजारदार पुढे व्यवहारात मालगुजाराहून फारसा निराळा राहिला नाही. म्हणजे पश्चिम काठ म्हणजे रयतवारी (सरकार आणि खातेदार यांचा थेट संबंध), हे समीकरण अमरावती-अकोल्याच्या पूर्णाकाठच्या काळ्या सपाटीला लागू पडते, यवतमाळच्या डोंगर-जंगलाच्या मुलखात ते ढिले पडते. बंजारा तांडे स्थिरावले, आंध आणि कोलाम यांची वस्ती होती, तोच हा मुलूख. तिथे 'खातेदार' होणे ही गोष्ट कोणाच्या वाट्याला आली आणि कोणाच्या नाही, याचा हिशोब अजून कोणी नीट मांडलेला माझ्या वाचनात नाही.

पुढाऱ्यांच्या बाबतीतही असेच. बापूजी अणे वणी-यवतमाळचे ब्राह्मण वकील. १० जुलै १९३० रोजी त्यांनी पुसदच्या जंगलात गवत कापून सत्याग्रह केला तेव्हा त्यांच्या मागे जमलेले लोक चराईच्या आणि सरपणाच्या हक्कासाठी आले होते, असे मानायला भरपूर जागा आहे. पऱ्हाटी म्हणतात ते गायरानाचे दुखणे इथे राजकारणात उतरलेले दिसते. अकोल्याचे ब्रिजलाल बियाणी मारवाडी समाजातले, आणि तरी वऱ्हाडच्या काँग्रेसची सूत्रे दीर्घकाळ त्यांच्या हाती होती. जमीनधाऱ्याची पद्धत नेतृत्वाची पार्श्वभूमी सांगते, नेत्याचे नाव सांगत नाही.

झाडीपट्टी

दोन काठांच्या या वादात तिसरा प्रदेश राहून जातो. वैनगंगेच्या खोऱ्यात आम्ही धानाची माणसे, कापसाचा इतिहास आमच्या अंगाला लागतच नाही. आमच्याकडे इतिहास तलावात साठलेला आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत मिळून सहा हजारांहून अधिक जुने तलाव आहेत. कोहळी समाजाने गोंड राजांच्या आश्रयाने त्यातले कित्येक बांधले, पुढे ते मालगुजारांच्या मालकीत धरले गेले आणि ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी संपली तेव्हा सरकारजमा झाले. आज त्यांना माजी मालगुजारी, म्हणजे बोलण्यात 'मामा तलाव' म्हणतात, आणि शंभर हेक्टरांपर्यंतचे तलाव जिल्हा परिषदेकडे आहेत. मालगुजारी गेल्याचा आनंद गावाला झाला, पण पाळ दुरुस्त कोण करणार आणि गाळ कोण काढणार, हा प्रश्न त्या दिवसापासून अधांतरी आहे.

इथे एक कागद दाखवावासा वाटतो. आमच्या गावचा वाजिब-उल-अर्ज मी तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून नक्कल काढून आणला. लाल कापडाच्या बस्त्यातून बाहेर आलेला तो कागद कडेने कुरतडलेला आहे, पण मजकूर शाबूत आहे. तलावाचे पाणी आधी कोणत्या बांधीला (धानाच्या खाचराला) द्यायचे, गुरांनी कोणत्या वाटेने जंगलात जायचे, मोहफुले कोणी वेचायची, कुंभाराने माती कुठली घ्यायची, मेलेले ढोर कोणी ओढायचे आणि त्याचे कातडे कोणाचे, असे गावाचे वहिवाटीचे सगळे हक्क त्यात कलमवार लिहिलेले आहेत. शेवटच्या कलमाने माझ्या अंगावर काटा आला, हेही सांगतो. हक्कांच्या यादीतच कोणाची तरी सक्ती नोंदवलेली आहे. याच्या जोडीला निस्तारपत्रक, म्हणजे चराई, सरपण अशा सामाईक वापराच्या हक्कांचा कागद, असते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ मध्येही विदर्भासाठी या दोन्ही कागदांची वेगळी कलमे आहेत.

हे कागद आज नुसते अभ्यासाचे राहिलेले नाहीत. २००६ चा वनहक्क कायदा आल्यावर सामूहिक दाव्याला पुरावा म्हणून निस्तारपत्रकच पुढे आले. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, तो देशातल्या अगदी पहिल्या काही हक्कांपैकी एक. भांग्या भुक्या यांचा गोंडांच्या इतिहासावरील २०१७ चा ग्रंथ या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. गोंड समाज आरंभापासून कडेला पडलेला नव्हता, त्यांची चांदा (आजचे चंद्रपूर), देवगडसारखी राज्ये होती, आणि वसाहतकाळातील जंगल-जमिनीच्या धोरणांनी त्यांना कडेला ढकलले, असे त्याचे प्रतिपादन आहे. १७०२ च्या सुमारास नागपूर शहर वसवणारा बख्त बुलंद शाह गोंड राजा होता, हे शाळेत एका ओळीत उरकले जाते. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्यात फाशी गेलेल्या बाबुराव शेडमाके यांना तर माझ्या वेळच्या पुस्तकात तेवढीही ओळ नव्हती.

जुनी वही

सर्वांचे प्रतिसाद वाचले. झाडीपट्टीदादांनी मेलेल्या ढोरांच्या कलमाचा उल्लेख केला म्हणून लिहिते, नाहीतर हा धागा मालगुजार, खातेदार आणि इजारदार यांच्यातच संपला असता. मालकी कोणाची, या प्रश्नावर उभी राहिलेली मांडणी ज्यांच्याकडे मालकी नव्हती त्यांना आपोआपच तळटीप करते.

मी अमरावती जिल्ह्यातील एका खेड्यात शिक्षिका आहे. जातीच्या दाखल्यासाठी पालक कोतवाल बुकाची नक्कल घेऊन येतात. जन्म-मृत्यूच्या त्या नोंदींत बापाचे नाव, जात आणि गाव असते, आईचे नाव पुष्कळदा नसतेच. अनुसूचित जातींसाठी १९५० पूर्वीचा पुरावा मागितला जातो, म्हणून ज्या वहीत आजोबांचा जन्म कोतवालाने तोंडी सांगितला आणि कोणीतरी टिपून घेतला, त्या वहीवर नातवाचा प्रवेश अवलंबून असतो. गावकामगार म्हणून ती खबर पोचवणारा कोतवाल बहुधा महारच असे. म्हणजे ज्याच्या पायपिटीने ही नोंद झाली, त्याच्याच नातवाला आज ती नोंद शोधत तहसीलच्या खेपा घालाव्या लागतात. अशा नोंदींवर काम करणारे संशोधन मला हवे आहे.

नदीच्या दोन काठांचा फरक इथेही दिसतो, तो नोंदवते. नागपूरकडील महार समाजात जाडेभरडे कापड विणणारे पुष्कळ होते. गिरणीच्या सुताने आणि कापडाने तो धंदा बसला, आणि १८७७ मध्ये टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाल्यावर त्यातलेच अनेक जण, बायकाही, मजुरीला लागले. गावच्या कामापासून सुटका, हातात रोख पैसा आणि शहरातील वस्ती यांमुळे तिथे चळवळ लवकर उभी राहिली. मोहप्याचे किसन फागुजी बनसोडे यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच मुलींच्या शिक्षणासाठी आणि वृत्तपत्रासाठी धडपड केली. वऱ्हाडात गणेश आकाजी गवई विधिमंडळापर्यंत पोचले आणि १९२७ मध्ये अमरावतीच्या अंबादेवी मंदिरात अस्पृश्यांच्या प्रवेशाचा प्रश्न पेटला, पण खेड्यातील माणूस गावकीत बांधलेला होता. १९४२ च्या जुलैमध्ये नागपूरला अखिल भारतीय दलित वर्गाची परिषद भरली, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन स्थापन झाले आणि २० जुलैला महिलांची स्वतंत्र परिषद झाली. अध्यक्षा होत्या अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीकत्वाला बंदी, गिरणीतील कामगार बायकांना रजा, असे त्या परिषदेचे ठराव होते. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी १९८९ मध्ये 'आम्हीही इतिहास घडवला' लिहिले तेव्हा यातल्या कित्येक जणी हयात होत्या, म्हणून त्यांचे बोलणे नोंदले गेले. इंग्रजीत आलेल्या पुढच्या अभ्यासांना त्या पायपिटीचा किती आधार आहे, हे मराठीत कोणी सांगत नाही.

नदीकाठचा

जुनी वही ताईंचा मुद्दा माझ्या मांडणीला छेद देणारा नाही, तिला खाली उतरवणारा आहे, आणि त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. इजारा यांनी दाखवलेली यवतमाळची फट मात्र खरीच अडचण आहे. त्यावर त्यांनी स्वतंत्र धागा काढावा.

आता अनुशेषाबद्दल, म्हणजे विकासाच्या मागे राहिलेल्या बाकीबद्दल, कारण त्याशिवाय राजकीय इतिहास अर्धा राहील. विदर्भावर मुंबई आणि पुणे अन्याय करतात, ही आजची तक्रार. दांडेकर समितीने १९८४ मध्ये राज्याचा अनुशेष सुमारे ३१८७ कोटी रुपये काढला आणि त्यातला सुमारे ३९ टक्के विदर्भाचा ठरला, तेव्हापासून ती आकड्यांत बोलू लागली. पण तिची जात जुनी आहे. वऱ्हाड मध्य प्रांताला जोडल्यापासून वऱ्हाडचे पुढारी हेच गाऱ्हाणे नागपूरविरुद्ध मांडत होते : आमच्या कापसाचा महसूल घेता आणि खर्च तिकडे करता. १९२०च्या दशकात दोन्ही भागांत खर्चाची वाटणी ठरवण्यासाठी सिम सूत्र आले ते याच भांडणातून. कायद्याने वऱ्हाड ब्रिटिश हिंदुस्थानात मोडत नसल्यामुळे तिथून निवडून आलेले प्रतिनिधी कागदोपत्री नियुक्त म्हणून विधिमंडळात बसत, हा त्यातलाच एक विनोदी भाग.

म्हणून १९४७ चा अकोला करार, १९५३ चा नागपूर करार (दोन्ही संयुक्त महाराष्ट्रात विदर्भाचे स्थान ठरवणारे) आणि १९५५ मध्ये फाजल अली आयोगाने केलेली स्वतंत्र विदर्भाची शिफारस हे सगळे एकाच विदर्भाच्या एकाच आकांक्षेचे टप्पे म्हणून वाचणे मला पटत नाही. करारावर बसलेल्या मंडळींत वऱ्हाडचे कोण, नागपूरचे कोण, आणि त्यांच्या मागे खातेदार होते की मालगुजार की पेढीवाले, हे वेगवेगळे पाहावे लागेल. मालगुजारी १९५१ मध्ये गेली आणि पाचच वर्षांत, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, आपण मुंबई राज्यात गेलो. या दोन घटनांचा एकमेकींशी काय संबंध होता, यावर मला अजून एकही समाधानकारक प्रकरण वाचायला मिळालेले नाही.

इजारा

हा प्रश्न योग्य आहे. मालगुजारी गेल्यावर ज्यांचा गावावरचा ताबा सुटला, त्यांना नागपूर राजधानी म्हणून टिकण्यात जास्त रस असणार, आणि वऱ्हाडच्या खातेदाराला मुंबईच्या कापूस बाजाराशी सलोखा ठेवण्यात जास्त. हा माझा तर्क आहे. तो तपासायचा तर १९५१ च्या आधीच्या मालगुजारांच्या याद्या आणि १९५२ व १९५७ च्या निवडणुकांतील उमेदवारांच्या याद्या तालुकावार शेजारी-शेजारी ठेवाव्या लागतील. यवतमाळ जिल्ह्याच्या इजारदारांपुरते हे काम मी हाती घेतो.

झाडीपट्टी

मी ब्रह्मपुरी आणि सिंदेवाही तालुक्यांचे पाहतो. ज्यांना आपल्या गावचे कागद काढायचे आहेत त्यांनी अर्जात नुसते 'जुने रेकॉर्ड' असे लिहू नये, बाबू परत पाठवतो. गावाचे नाव, पटवारी हलका (पटवाऱ्याच्या हद्दीचा) क्रमांक आणि बंदोबस्ताचे साल लिहून मिसल बंदोबस्त, वाजिब-उल-अर्ज, निस्तारपत्रक आणि १९५४-५५ चे अधिकार अभिलेख असे चारही वेगवेगळे मागावेत. पहिल्यात मालगुजाराचे आणे-हिस्से मिळतात आणि शेवटच्यात मालगुजारी गेल्यावर जमीन कोणाच्या नावे चढली ते कळते. हे दोन कागद एकत्र ठेवले की इजारा यांच्या तर्काचे पहिले उत्तर त्या गावापुरते तरी हाती येते.